पैसे किती लागतील, हे तुम्ही विचारलंत म्हणून

गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांच्या वाड्यांवरून मला एक प्रश्न वारंवार येतो. 'आमच्याकडे एक कर्णबधिर मूल आहे, हुशार आहे, घरची परिस्थिती बेताची आहे. त्याला कॉलेजला घालायचे तर पैसे किती लागतील? आम्ही चार जण मिळून जमवू.' विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. पैसे लागतातच, पण ही मुले बारावीच्या आसपास गळतात ती बहुधा फीमुळे नव्हे. वर्गात बोललेले त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून ती गळतात, आणि तुमची वर्गणी आधी तिकडे वळवावी असे माझे सांगणे आहे.

फीसाठी वाटा आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयातही ५ वर्षांची सवलत आहे. या मुलांचे शिक्षण अनेकदा उशिरा सुरू होते, म्हणून ही सवलत फार मोलाची. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही मिळू शकते. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र हवे, आणि कार्डासाठी कानांची तपासणी. वाळपईपलीकडच्या वाडीवरून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जाऊन यायचे म्हणजे आईची रोजंदारी बुडते, आणि काजूच्या हंगामात ती बुडवणे कोणालाच परवडत नाही. अशा वेळी कोणी गाडी काढून सोबत गेले आणि अर्ज भरून दिला, तर ती मदत रोख रकमेपेक्षा कमी नसते.

आता मूळ अडचण. गोव्यातले पुष्कळ मूल घरी कोकणी बोलते, प्राथमिक शाळेत मराठी शिकते आणि पाचवीपासून इंग्रजीत जाते. ऐकणारे मूल हे वळण रडतखडत का होईना, कानांच्या जोरावर पार करते. कर्णबधिर मुलाच्या घरी मात्र बहुधा सगळे ऐकणारेच असतात, सांकेतिक भाषा कोणालाच येत नसते, आणि घरापुरत्या चार-दोन खुणांवर त्याची पहिली वर्षे निघून जातात. भारतीय सांकेतिक भाषा त्याला पुढे शाळेत भेटते, आणि तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. तिथे प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या शेवटी येतो. या भाषेत विचार करणाऱ्या मुलाने लिहिलेले इंग्रजी वाक्य तुटक दिसते आणि तपासणाऱ्याला वाटते की विषयच समजलेला नाही. 'त्यापेक्षा शिवणकाम शिकवा' हा सल्ला अशाच गैरसमजातून येतो. शिवणकाम उत्तमच आहे, पण मुलाने निवडले असेल तर.

निवृत्तीनंतर मी एका कर्णबधिर मुलीला घरी अकाउंट्स शिकवीत असे. घसारा (वस्तूच्या किमतीत वर्षागणिक होणारी घट) म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून काही केल्या उमजत नव्हते. व्याख्या मात्र पाठ होती. तिच्या शेजाऱ्यांच्या अंगणात २०१८ला खाणी बंद पडल्यापासून एक ट्रक उभा होता. मी कागदावर त्याचे चित्र काढले, खाली घेतल्या वेळची किंमत लिहिली आणि पुढे वर्षे मांडली. तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली, दर वर्षाखाली उतरती किंमत लिहिली, चाकांभोवती गवत काढले आणि शेवटच्या आकड्यापुढे भंगारवाल्याची खूण केली. घसाऱ्यानंतर उरणाऱ्या भंगारमूल्यापर्यंत ती आपली आपणच पोहोचली होती. बुद्धीची कमतरता कुठेच नव्हती.

कॉलेजच्या वर्गात असा निवांतपणा नसतो. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतात, आणि समोर वळून बोलले तरी ओठांवरून थोडेच कळते. 'पार', 'बार' आणि 'मार' हे शब्द ओठांवर एकसारखे दिसतात. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण गजबजलेल्या वर्गात तो स्पष्ट करीलच असे नाही. ७० डेसिबलच्या पुढे, म्हणजे तीव्र श्रवणऱ्हास असलेल्या मुलाला पहिल्या बाकावर बसवून प्रश्न सुटत नाही.

म्हणून वर्गणी जमली की पहिला खर्च सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा धरा. रोज वर्गात बसणारा दुभाषी मिळणे आपल्याकडे अवघड आहे, तेव्हा अवघड विषयांचे आठवड्यातले काही तास व्हिडिओ कॉलवर ठरवावेत. त्यासाठी बऱ्यापैकी फोन आणि भरपूर डेटा हवा. ही चैन नव्हे, तीच त्या मुलाची वही आहे. वर्गातल्या एखाद्या मित्राला टिपणांसाठी थोडे मानधन द्यावे, म्हणजे ती मेहेरबानी राहत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१मध्ये १०,००० शब्दांपर्यंत पोहोचला आहे, त्याचे व्हिडिओ पाहायला पैसे पडत नाहीत. परीक्षेत जादा वेळेची सोय आहे, ती अर्ज करून आधीच मागून घ्यावी. पण 'विशद करा', 'तुलना करा' यांत नेमके काय मागितले आहे हे वर्षभर घोटून घेतले नसेल, तर तो वेळ नुसता बसून जातो.

जमलेली रक्कम एकदम कोणाच्या हाती देऊ नका. जूनपासून परीक्षेपर्यंत महिन्यागणिक वाटून ठेवा, कारण मदत दिवाळीनंतर आटते आणि मूल नेमके तेव्हाच मागे पडू लागते. ती मुलगी आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका कर्णबधिरांना घेता येते, ती पुढे घ्यायची असे तिने स्वतःच ठरवले आहे.

माझ्याकडे बोलायला याल तेव्हा तुमच्या गावच्या मुलालाही घेऊन या. कोणता विषय घ्यायचा, हे अजून त्याला कोणी विचारलेले नसेल. आधी कळवलेत, तर त्या वेळेला मी व्हिडिओवर दुभाषी ठरवून ठेवीन.