तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिंटेज म्हणजे जुन्याची कॉपी का?

फिटिंगला आलेल्या बायका हमखास विचारतात, "जुन्या काळातले ड्रेस एवढे आवडतात तर तेच जसेच्या तसे का नाही शिवत? आणि शिवलेच तर त्यात तुमचं स्वतःचं काय?" दरवेळी पिना लावता लावता अर्धवट उत्तर देते, आज नीट सांगते.

कोर्स झाल्यावर मी काही वर्षं एका रेडिमेड कपड्यांच्या कंपनीत पॅटर्न, म्हणजे कापड कापायचे कागदी नमुने, बनवत होते. तिथे सगळं गणित कापड वाचवायचं, शिवणीला आत जेमतेम सेंटीमीटरभर मार्जिन सोडायची आणि कडेचे धागे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक मशीन मारून मोकळं व्हायचं. त्या दिवसांत एक फाटका जुना ड्रेस हाती लागला, घालण्यासारखा उरलाच नव्हता म्हणून मी तो शिवण शिवण करत उसवला. आत चांगलं बोटभर जास्तीचं कापड, आणि एका बाजूला आधीच्या टाक्यांची पुसट रेघ, म्हणजे कुणीतरी तो मधे कधीतरी सैल करून पुन्हा घातला होता! खरं सांगते, बाहेरच्या प्रिंटपेक्षा मला ती रेघ जास्त आवडली. माझं काम तिथून बदललं.

आता कॉपीबद्दल. १९४७ च्या फेब्रुवारीत फ्रेंच डिझायनर ख्रिश्चन डिऑरने पॅरिसमध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं, बारीक कंबर, भरपूर घेर, त्याला न्यू लुक म्हणतात. पण युद्धाच्या टंचाईनंतर आलेला तो न्यू लुक म्हणजे तरी काय, मागच्या पिढीच्या कपड्यांकडे वळून बघणंच की. मग तो जसाच्या तसा आज का शिवत नाही, तर तेव्हाच्या त्या ड्रेसच्या आत कंबर आवळणारं वेगळं काहीतरी घातलेलं असायचं, आज ते कुणी घालत नाही, नुसता बाहेरचा आकार उचलला की फिटिंग फसतं.

मी उचलते ती आतली कामं. उदाहरणार्थ जुन्या जॅकेटची मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथली, गोलाई वर, काखेच्या जवळ असते. बघणाऱ्याला वाटतं टाइट होईल, पण उलट असतं, हात वर केला तरी अख्खं जॅकेट वर चढत नाही! रेडिमेडमध्ये मुंढा खाली घेतात कारण एकाच साइझमध्ये वेगवेगळी अंगं बसवायची असतात, त्यांचंही बरोबर आहे, पण हालचालीची मजा जाते.

आणि उरेब कापणी, म्हणजे कापड सरळ न कापता तिरकं कापणं. फ्रेंच डिझायनर माडलेन व्हिओने ही त्यातली बाई, १९२०-३० च्या दशकांत तिने ४५ अंशात तिरकं कापड वापरून असे ड्रेस केले की ते डार्टांशिवाय, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चुण्यांशिवाय, अंगावरून वाहतात, आधी ती छोट्या लाकडी बाहुलीवर कापड लावून बघायची. तिची डिझाइन मी घेत नाही, तिची सवय घेतली, कागदावर स्केच करण्याआधी कापड हातात धरून सोडायचं आणि कुठे पडतंय ते बघायचं. उरेब ड्रेस शिवला की लगेच खालची पट्टी दुमडता येत नाही, किमान एक दिवस टांगून ठेवावा लागतो, आपल्याच वजनाने तो कुठे जास्त कुठे कमी उतरतो, मग घेर सारखा करायचा. "अजून झाला नाही का?" असं तुम्ही फोनवर विचारता ना, तेव्हा बहुतेक तो टांगलेला असतो.

हो, आणि तुमच्या ड्रेसच्या आत मी बोटभर मार्जिन सोडलेली असते. ती जाड वाटते म्हणून प्लीज कापून टाकू नका.