आमची वाटचाल: बोअरच्या पाण्यापासून तांब्या-जस्तापर्यंत

आमची फर्म सुरू झाली ती काटोल-नरखेडच्या संत्राबागांत. बोअर कुठे मारायचा हे शेतकऱ्याला सांगायचं, त्यासाठी जमिनीत वीज सोडून रेझिस्टिव्हिटी, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजायचं, एवढंच काम. तेव्हाच एक गोष्ट मनात पक्की बसली. यंत्र पाणी दाखवत नाही. वीज कुठून सहज वाहते, तेवढंच दाखवतं.

नागपुरात राहून खनिजांकडे वळणं ओघानंच आलं. भारतीय खाण ब्युरो आणि खनिज शोधणारी सरकारी कंपनी एमईसीएल यांची मुख्यालयं इथलीच. भंडारा-नागपूरकडच्या साकोली या खडकांच्या पट्ट्यात कोलारी-भावरीचं जस्त, पुलर-परसोडीचं तांबं, खाली चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाचं तांबं. 2015 च्या कायदा दुरुस्तीनं खनिज शोधासाठी स्वतंत्र न्यास आला, 2023 मध्ये शोध परवाना आला आणि आमच्यासारख्या छोट्यांनाही दार उघडलं.

असे धातू शोधायला आधी हवेतून पाहणी होते, पण हेलिकॉप्टर आमचं नाही. उड्डाण मोठ्या कंपन्या करतात, आम्ही त्यांचा डेटा हाताळतो. हेलिकॉप्टरखाली तारेचं मोठं कडं लटकतं, जमिनीपासून साधारण तीस-चाळीस मीटरवर. त्यातला प्रवाह एकदम तोडला की जमिनीतल्या वाहक खडकात भोवरी प्रवाह उठतात आणि विरत जातात. चांगल्या वाहकात ते सावकाश विरतात. ही विरण्याची गती मोजूनच शे-दोनशे मीटर खोलीवरचा, कधी त्याहून खालचा वाहक कळतो.

पण वाहक म्हणजे धातू नव्हे. ग्राफाइटवाला शिस्ट हा खडकही नकाशावर असाच चमकतो, खारं पाणीही. आमच्या भागात ओली काळी माती वरच्या वरच संकेत गिळते, आणि कोराडी-खापरखेड्याहून निघणाऱ्या हाय टेन्शन लाइनींजवळचा डेटा तर बराचसा बाजूला ठेवावा लागतो. उलट जस्ताचं मुख्य खनिज स्फॅलेराइट वीज फारशी वाहूनच नेत नाही. सोबत चाल्कोपायराइट किंवा पायरोटाइट अशी वीज वाहून नेणारी खनिजं असली तरच ते हाती लागतं.

नव्या मुलांना मी कॅनडातल्या किड क्रीक या तांब्या-जस्ताच्या साठ्याची हकिकत आवर्जून सांगतो. तिथली अनॉमली, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळा संकेत, 1959 मध्ये हवेतून दिसली. जमिनीवर यंत्र नेऊन तिची खात्री झाली 1963 च्या ऑक्टोबरात, आणि पहिला बोअर नोव्हेंबरात. त्याच्या कोअरमध्ये, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्यात, तांबं आणि भरपूर जस्त निघालं. मधली ती जमिनीवरची तपासणी, तोच आमचा धंदा.

एका बोअरला लाखो रुपये लागतात. म्हणून नकाशावरचा प्रत्येक लाल ठिपका ग्राहकाला ड्रिल करायला सांगणं मला कधीच पटलं नाही. चुंबकीय नकाशा, माती परीक्षण, पायी फिरून पाहिलेला खडक हे सगळं जुळलं तरच आम्ही जागा सुचवतो. काही ग्राहक यावर नाराज होऊन गेले. जे राहिले, त्यांच्याच कामावर फर्म चालते आहे.

भंडाऱ्याकडे धानकापणी आटोपली की बांधांवरून जमिनीवरच्या तपासणीसाठी तारेचा लूप टाकता येतो. यंदाचं काम तिथूनच सुरू करतो आहोत.