आवाज नसलेली एसटी

आज नागपूरहून भंडाऱ्याला बॅटरीवरच्या एसटीनं आलो. सिग्नलला गाडी थांबली अन् शेजारची आजी कंडक्टरला म्हणते, "काहून बापू, बंद पडली का जी?" इंजिनाची थरथर नाही, डिझेलचा वास नाही, तिला करमेचना.

विजेवरची बस तशी नवी नाही म्हणा. मुंबईत १९६२ ते १९७१ ट्रॉलीबस धावायची, पण डोक्यावरच्या दोन तारा सोडून तिला फार दूर जाता येत नसे. हिची वीज पोटातच. ब्रेक मारला की थोडी परत बॅटरीत जाते.

भंडाऱ्याहून गावाकडं मात्र लालपरीच. काचांचा तोच खडखडाट, गिअर टाकताना तेच कण्हणं. आजी तिथंही शेजारीच. पाच मिनिटांत घोरायला लागली.