केशवरावांच्या रंगमंचावरचे आमचे स्नेहसंमेलन

कोल्हापुरातल्या अनेक शाळांप्रमाणे आमच्या शाळेचेही वार्षिक स्नेहसंमेलन संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहात होत असे. शाळेला स्वतःचे पटांगण होते आणि मंडपाचा खर्चही तुलनेने कमीच आला असता. तरीही वर्षातला तो एक दिवस ‘केशवराव’मध्येच साजरा व्हावा, असा नाटक बसवणाऱ्या बाईंचा आग्रह असे. त्यामुळे दिवाळीची सुटी संपते न संपते तोच तारीख मिळवण्यासाठी खेटे सुरू होत. या आग्रहामागचे कारण मला त्याच शाळेत शिकवू लागल्यावर कळले.

पटांगणातल्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपक सगळे सांभाळून घेतो. मुलाने वाक्य कसेही म्हटले तरी ते चौकापर्यंत ऐकू जाते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात तिकडची नाट्यगृहे पाहिली आणि पुढे १९१३ ते १९१५ या काळात ‘पॅलेस थिएटर’ म्हणून ही वास्तू उभी केली, तेव्हा नटाच्या गळ्याशिवाय दुसरे साधनच नव्हते. त्यामुळे तिथे स्वच्छ उच्चारलेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत असे. बाई रंगीत तालमीच्या वेळी माईक बंद करायला लावत, स्वतः अगदी मागच्या खुर्चीवर जाऊन बसत आणि तिथून सांगत, “वाक्याचा शेवट गिळू नका रे, मला अर्धेच ऐकू येतेय.” पाचवीतल्या पोराला ‘मला लांबच्या माणसाशी बोलायचे आहे’ हे त्या एका सूचनेतून जेवढे उमगे, तेवढे वर्षभराच्या वक्तृत्व स्पर्धांतून उमगत नसे, असे माझे मत आहे.

बाकी गोंधळ सगळ्या संमेलनांत असतो तसाच असे. भाड्याने आणलेल्या पोशाखांत मावळ्यांचे फेटे मिळत आणि तलवारी कमी पडत. कोळीगीतातल्या मुलींच्या गालांवरची लाली दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत टिकून राही. नटराजपूजन करून नारळ वाढवला की तिसऱ्या घंटेपूर्वी पडद्याच्या फटीतून आपले आई-बाबा कुठे बसले आहेत हे पाहण्यासाठी झुंबड उडे. मुख्याध्यापक दर वर्षी भाषणात केशवरावांची गोष्ट सांगत: ते कोल्हापुरात जन्मले, बालवयातच रंगभूमीवर आले, १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली, १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त प्रयोग केला आणि त्याच वर्षी अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. आम्हांला ती पाठ होती, आणि ती संपायच्या आत खासबागच्या भेळेचा बेत कुजबुजत ठरलेला असे. संध्याकाळी मात्र शेलापागोटे वाचताना गुरुजनांचीही गय होत नसे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छत, खुर्च्या असे आतले जवळजवळ सगळे जळाले; दगडी भिंती तेवढ्या उरल्या. शाहू महाराजांच्या जन्माला दीडशे वर्षे झाल्याचे ते वर्ष. त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत कोणीही मोठ्याने बोलत नव्हते, आणि ज्यांचा नाटकाशी काडीचा संबंध नव्हता असे माजी विद्यार्थीसुद्धा दूरध्वनी करून फक्त “खरंच गेलं का हो, सर?” एवढेच विचारत होते.

त्या वर्षीचे संमेलन पटांगणात झाले. मंडपाचे काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने पैसे घेतले नाहीत, पालकांनी सतरंज्या आणल्या, आणि निवृत्त झालेल्या बाई तालमीला येऊन सवयीप्रमाणे सर्वांत मागे, सायकलींच्या छपराखाली, बसल्या. ऐकू काही येईना. शेजारच्या मंगल कार्यालयातली वाजंत्री जोरात होती. अखेर माईक लावावाच लागला. लहान मुलांना या सगळ्याचे काहीच वाटले नाही, कारण त्यांनी तो रंगमंच पाहिलाच नव्हता. उलट उघड्यावर भरपूर जागा मिळाल्याने लेझीमचे पथक दुप्पट मोठे झाले आणि ते पूर्वीपेक्षा रंगले, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. चुकल्यासारखे वाटले ते दहावीच्या मुलांना. त्यांनी निरोपाच्या भाषणात शाळेपेक्षा नाट्यगृहाविषयीच अधिक सांगितले.

वास्तू पूर्वी होती तशीच उभी राहावी, ही शहरातल्या कलावंतांची मागणी आम्हांला म्हणूनच पटते. नव्या खुर्च्या आणि दिवे आले तर हवेच आहेत. पण मागच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज तसाच राहिला नाही, तर आमच्या शाळेपुरते तरी ते सभागृहच ठरेल. पुनर्बांधणीचे काम सुरू झाल्यापासून संमेलनाच्या बैठकीत एक वाद रंगू लागला आहे. तिथल्या पहिल्या संमेलनाची नांदी आपणच म्हणणार, असे माजी विद्यार्थी म्हणतात. तो मान चालू पाचवीचा आहे, असे बाईंचे म्हणणे आहे, आणि त्यांनी मुलांची निवड करून तालमी चालू केल्या आहेत, अर्थातच माईकशिवाय.