कनवटीला

साडेबारा वाजून गेलेत. साडी पलंगावर तशीच पसरलीय, घडी घालायला घेतली आणि अर्ध्यात सोडून इथे येऊन बसलेय. झोप येत नाहीये आणि खरं सांगायचं तर घडलेलं काहीच नाहीये. वहिनींनी माझा पदर सारखा केला. बस, एवढंच.

संक्रांतीचं हळदीकुंकू, दरवर्षीसारखं त्यांच्याकडेच. बाहेर वारा सुटलेला, जानेवारीतला ह्यूस्टनचा तो दमट गार वारा, गाडीपासून दारापर्यंत जाईस्तोवर पदर पार घसरलेला. आत शिरले तर वहिनी दारातच, अगं थांब थांब म्हणत एका हाताने खांद्यावरच्या निऱ्या धरल्या आणि दुसरा हात उजव्या कंबरेवरून मागे नेला, कापड वर ओढायला. आपल्याकडे हे कुणी विचारून करतं का, लग्नकार्यात कुणीही अनोळखी मावशी येते आणि पाठीमागे पिन लावून निघून जाते. हात कंबरेवर आला आणि थांबला.

दोन सेकंद असतील. मग त्यांनी पदर ओढला, मी घेतला होता त्यापेक्षा चार बोटं खाली, बरोबर त्याच्यावरून, स्वतःच्या बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि मागे कंबरेशी लावून टाकली. म्हणाल्या, चल आत, सगळ्या थांबल्यात.

नजर बदलली नाही, आवाज बदलला नाही. हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, वाण दिलं, सगळं इतरांसारखंच. मी तीन तास तिथे होते आणि तीन तास मला फक्त तो हात आठवत होता.

आता बसून विचार करतेय की मला नक्की काय लागलंय. कळलं म्हणून लाज वाटली का? तसं वाटत नाहीये. पिस्तुलाचं लायसन्स आहे माझ्याकडे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना ते लागतही नाही, तरी मी काढलं, कारण मला शिकायचं होतं, नुसतं जवळ ठेवायचं नव्हतं. एक अख्खा शनिवार क्लास, लेखी परीक्षा, मग तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी एकशेपंचाहत्तर मार्क लागतात, मला दोनशे एकतीस पडले होते. व्हिसावर होतो तेव्हा तर हा विषयच नव्हता, साधारणपणे घेताच येत नाही. मग ग्रीन कार्ड आलं, आणि त्याच्या पुढच्या मार्चमध्ये स्टोअरवर ते झालं. त्याबद्दल आज नाही लिहीत.

मग काय लागलंय?

ही साडी ठरवायला मला चार दिवस लागले होते. काळी चंद्रकळा, आईची. संक्रांतीला काळी नेसतातच, त्यामुळे कुणाला काही वाटायचं कारण नाही, आणि काळ्यावर उभार दिसत नाही. रेंजवरच्या सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, कपड्याखालून आकार उमटला की त्याला प्रिंट होणं म्हणतात, ते टाळायचं तर गडद रंग, बारीक डिझाइन, जरा ताठ कापड, आणि एक साइज मोठं. खूप खिशांच्या त्या पँटी नकोत, बंदुकीच्या कंपन्यांचे टीशर्ट नकोत, गाडीवर स्टिकर नकोत. सारखा हात लावून ते जागेवर आहे का बघायचं नाही, नवखी माणसं तिथेच पकडली जातात. भाजी आणायला निघालेल्या बाईसारखं दिसायचं. मी वहीत लिहून घेतलं होतं हे सगळं.

पण ते शिकवतात पुरुषांच्या कपड्यांवर. बाहेर सोडलेला शर्ट, जाड पट्टा, झालं काम. बायकांच्या जीन्सला पट्ट्याच्या धड लूपा नसतात. लेगिंगमध्ये काही राहतच नाही. कुर्ता बरा वाटतो पण त्याची चीर नेमकी कंबरेच्या बाजूला उघडते, जिथे झाकायला हवं तिथेच, आणि वारा आला की संपलं. सलवारीची नाडी वजन धरत नाही. पर्समध्ये ठेव म्हणतात सगळे, पण पर्स आपण कुठेही ठेवतो, खुर्चीवर, शॉपिंग कार्टमध्ये, लेक त्यात च्युइंगम शोधते. पर्स नाही म्हणजे नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं.

साडीचं मी स्वतः शोधून काढलं. परकराच्या आतून रुंद पट्टा, त्यावर कडक प्लास्टिकचं होल्स्टर, ट्रिगर पूर्ण झाकणारं, ते मऊ कापडी नुसते अजिबात वापरायचे नाहीत. डाव्या बाजूला पोट उघडं पडतं म्हणून उजवीकडे, पदर जिथून वर चढतो त्याच्या खाली. जॉर्जेट नाही चालत, सगळं सांगून टाकतं. खळ घातलेली सुती किंवा जाड रेशीम अंगापासून सुटं राहतं, ते चालतं. मग बेडरूममध्ये दार लावून, पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून, आरशासमोर, डाव्या हाताने पदर उचलायचा, उजव्याने काढायचं, शंभरदा, दोनशेदा. बसलं की टोक मांडीत रुततं. कमरेत वाकलं की मागचं टोक पदराखालून वर येतं, म्हणून मी वाकतच नाही, गुडघ्यावर बसते. मोठ्यांना नमस्कारसुद्धा तसाच करते. मागच्या गणपतीत एका आजींनी सगळ्यांसमोर कौतुक केलं माझं, बघा, गुडघे टेकून नमस्कार करते, असे संस्कार राहिलेत का आता. मी हसले आणि घरी येऊन रडले. ते कौतुक मी चोरलं होतं.

हां, हे. हेच आहे बहुतेक. दोन वर्षं मी हे इतकं चांगलं लपवलंय की आता माझ्याबद्दल कुणी काही चांगलं बोललं तरी मला ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं वाटतं.

मिठी मारायला कुणी आलं की मी डावा खांदा पुढे करते. उजवं कोपर आपोआप खाली येतं, कंबरेवर. मैत्रिणींना वाटतं मी जरा आखडू झालेय, एकीने बोलूनही दाखवलं. लेक नऊ वर्षांची आहे, तिला सांगितलेलं आहे सगळं, हात लावायचा नाही, दिसलं तर मोठ्यांना सांगायचं. तीही धावत येते आणि माझ्यापाशी पोचताना एक पाऊल वळून डावीकडून बिलगते. तिला हे कुणी शिकवलं नाही. ती वळते ना, तेव्हा माझ्या पोटात तुटतं. कधी विचार येतो की मी स्वतःला वाचवायच्या नादात स्वतःची एक अख्खी बाजूच लोकांना बंद करून टाकली आणि कुणाला पत्तासुद्धा नाही. आज दोन वर्षांनी पहिल्यांदा कुणाचा तरी हात त्या बाजूला लागला, आणि तो थांबला.

आणि दुसरं, जे टाळत होते लिहायचं. ते त्यांचं घर होतं. नातवंडं पायात घुटमळत होती. पिस्तूल माझ्या अंगावर होतं, होल्स्टरमध्ये, अंगावर असतं तेव्हाच ते सगळ्यात सांभाळलेलं असतं, हे खरंय. घरच्यांनी नको म्हटलं नसेल तर कायद्याने मला विचारावं लागत नव्हतं, हेही खरंय. पण हळदीकुंकवाला कायदा बघून जातं का कुणी. मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये असला की मी ते घरीच ठेवते, शाळेत नेणं गुन्हाच आहे. हॉस्पिटलच्या दारावर ती इंग्लिश-स्पॅनिशमधली ठळक अक्षरांची पाटी दिसली की मागे फिरून गाडीतल्या लॉकबॉक्समध्ये ठेवून येते. पाटी असली की मी ऐकते. वहिनींच्या दारावर तोरण होतं, पाटी नव्हती, म्हणून मी काही विचारलं नाही. हे बरोबर नव्हतं. आज नवरा इथे असता तर प्रश्नच नव्हता, पण तो बाबांपाशी आहे अजून, नऊला स्टोअर मला बंद करायचं होतं आणि कॅश बँकेत टाकायची होती, साडी बदलायला वेळ नव्हता. गाडीत ठेवावं तर गाडीच्या काचा फोडून आधी तेच नेतात, आणि आपल्या बायका सणाला सोनं घालून निघतात हे आता बाहेरच्यांनाही माहीत झालंय. कारणं सगळी खरी आहेत. तरी सांगायला हवं होतं.

मी इथे आले २००६ मध्ये. तेव्हा देवळात जुनी मंडळी सांगायची, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ ला, ॲरिझोनातल्या मेसामध्ये बलबीर सिंग सोढी आपल्या गॅस स्टेशनबाहेर होते, फुलझाडं लावायचं काम चाललं होतं, आणि एकाने पगडी आणि दाढी बघून गोळ्या घातल्या. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, आपल्याच टेक्ससमध्ये डॅलसजवळ मेस्कीटला वासुदेव पटेल, तेही स्वतःच्या गॅस स्टेशनमध्येच. ऐकून मी पहिल्या वर्षीच कामावर जाताना टिकली काढून ठेवायला लागले, मग मंगळसूत्र, मग बाहेर जाताना पंजाबी ड्रेस बंद, जीन्स आणि ग्रे हुडी, कुणाची नजर आपल्यावर थांबू नये एवढंच. पण पटेलांनी तर पगडी घातली नव्हती. कपड्यांनी वाचतो माणूस असं काही नाही, हे मला तेव्हाही कळत होतं, तरी मी कपडे बदलत गेले. म्हणजे लपायची सवय मला पिस्तुलाने नाही लावली, ती आधीच होती. पिस्तूल नंतर त्याच सवयीत येऊन बसलं. आणि गंमत अशी नाही, दुःखच आहे ते, की आता त्याच्यासाठी मी परत साडीत जाते. ज्या साडीत मी एच-ई-बीच्या नाहीतर वॉलमार्टच्या, किराणा दुकानाच्या रांगेत सगळ्यांच्या डोळ्यात भरले असते ती मंडळात मला सगळ्यात चांगली लपवते.

आजी आठवतेय आज खूप. तिचं सगळं कनवटीला असायचं. तपकिरीची डबी, मळकी पाचाची नोट, देवघराची किल्ली. आम्ही मुलं तिच्या कमरेशी झोंबायचो, ती हात झटकायची पण कनवट सोडून दाखवायची शेवटी, आणि एक चार आण्यांचं नाणं निघायचं. बाईची जपायची वस्तू कमरेलाच असते, हे काही नवीन नाहीये. आजीला सांगितलं असतं तर ती घाबरली असती का? मला वाटतं आधी तिने वजन विचारलं असतं. रिकामं असताना अर्ध्या किलोच्या आसपास आहे, आजी. भरलं की जास्त. आईला मात्र सांगितलेलं नाही, व्हिडिओ कॉलवर ती आज विचारत होती माझी चंद्रकळा कशी बसली म्हणून.

लिहिता लिहिता जरा निवळलंय. मी हे सोडणार नाहीये, मला माहितीय. त्या मार्चनंतरच्या रात्री मी कशा काढल्या ते मला माहितीय आणि मला झोप कशाने लागायला लागली तेही. त्यामुळे कंबर अशीच राहणार, नमस्कार गुडघ्यावरच होणार, ठीक आहे, देवाला काय फरक पडतो. पण उद्यापासून स्टोअरमधून आल्या आल्या आधी सेफ उघडून पिस्तूल आत ठेवायचं आणि मग लेकीला हाक मारायची, आधी नाही. एवढं तर करता येईल. दोन मिनिटं लागतात.

आणि वहिनींना फोन करायचा होता. काय बोलायचं ते मनात जुळवत होते, तेवढ्यात त्यांचाच व्हॉट्सॲप आला होता असं आत्ता दिसलं, सव्वाअकराचा. ग्रुप फोटो आहे. मी दुसऱ्या रांगेत, उजवीकडून तिसरी. आधी मी झूम करून स्वतःची कंबर बघितली. काही दिसत नाही, पदर चार बोटं खाली, जिथे त्यांनी लावला तिथेच. खाली लिहिलंय, चंद्रकळा शोभते तुला. मग वेगळ्या मेसेजमध्ये, पुढच्या वेळी आलीस की आधी आत माझ्या खोलीत ये, कपाटाला कुलूप आहे, किल्ली तुझ्यापाशी ठेव. आणि मग तिसरा, पोचलीस का घरी?

पोचले, असं टाइप केलंय. अजून पाठवलं नाहीये, उशीर झालाय, त्या झोपल्या असतील. सकाळी सहाला उघडायचंय, दूधवाल्याची डिलिव्हरी आहे. त्यांची पिन साडीलाच आहे अजून, काढून माझ्या बांगडीत अडकवून ठेवते, नाहीतर हरवेल.