आजींनी माझाच पेपर तपासला

पुण्यात एका हॉस्पिटलच्या आयसीयूत रेसिडेंट होते तेव्हाची गोष्ट. डिलिरियम, म्हणजे आपल्याकडे वात झाला, बरळतायत असं म्हणतात ते, ओळखायला कॅम-आयसीयू नावाची टेस्ट आहे, 2001 सालची, अमेरिकेतली. तिचं मराठी करून इथल्या पेशंटवर नीट चालते का बघायचं, हा माझा थीसिस.

त्यात लक्ष तपासायला 10 इंग्रजी अक्षरं एकेक करून म्हणायची, ए आला की पेशंटनं आपला हात दाबायचा, दोनपेक्षा जास्त चुका झाल्या की लक्ष टिकत नाही असं धरायचं. आम्ही ए चा अ केला आणि बाकीची पण तशीच घेतली. स अ व ई अ ह अ अ र ट. दुसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं, म्हणजे बॅक ट्रान्सलेशन, तर हुबेहूब मूळ निघालं! सर खूश, मी तर हवेतच.

पायलटला, म्हणजे आधी थोड्या पेशंटवर करून बघतात त्यात, पहिल्याच आजी, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, पेठेतल्या मराठी शाळेत पहिलीला शिकवून रिटायर. एकदम टकाटक, तारीख विचारली तर वर तिथी पण सांगितली आणि चहा गार होता ही तक्रार. मग अक्षरं सुरू केली तर स ला दाबला, अ ला दाबला, व ला पण, म्हटलं झालं, ह्या तर गेल्या. फक्त ई ला हात गप्प. पाच चुका. मी मुकाट्यानं फॉर्मवर खूण करतेय तर आजी म्हणाल्या, "काय गं, चुकलं का काही?"

"आजी, फक्त अ ला दाबायचा होता."

"मग स मधे अ नाही का? पाय मोडून म्हटलं असतंस तर नसता दाबला."

मला घामच फुटला. म्हणजे आजींचं लक्ष माझ्यापेक्षा जास्त होतं आणि बॅक ट्रान्सलेशनमधे हे दिसणारच नव्हतं, कागदावर सगळं बरोबरच होतं ना. आणि हात दाबायची सोय मुळात कोणासाठी, तर तोंडात नळी असलेल्यांसाठी. तो पेशंट कुठून सांगणार की स मधे अ आहे म्हणून?

सर आधी कुरकुरले, मूळ टेस्टला हात लावायचा नसतो वगैरे, मग तयार झाले. अक्षरं काढून आकडे घेतले, सात आला की दाबा. दुसऱ्या दिवशी परत आजींकडे गेले, एकही चूक नाही.

"पास झाले का?"

"झालात की."

"मग मार्क सांग ना, नुसतं पास काय."