ग्रहण पाळता की नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे, आणि तुम्ही दोन्ही बाजूंनी विचारता म्हणून सविस्तर लिहिते आहे. संक्रांतीच्या सुमारास आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मागे चालताना एखादा जुना विद्यार्थी भेटतो आणि म्हणतो, "मॅडम, तुम्ही आम्हाला फिजिक्स शिकवलंत, आणि तुम्ही इथे?" ग्रहणाच्या दिवशी मी रोजच्यासारखा कुकर लावला, की शेजारच्या काकू दारात येऊन विचारतात, "एवढं होऊनसुद्धा तुम्ही ग्रहण पाळत नाही?" 'एवढं' म्हणजे माझ्या मुलाचा जन्मतः दुभंगलेला ओठ. आमच्या पेठेत तो 1980 पासून सर्वांना ठाऊक आहे.

बरीच वर्षे माझ्याकडे एक तयार उत्तर होते. विज्ञान 'कसे' ते सांगते, धर्म 'कशासाठी' ते सांगतो. दोघांची घरे वेगळी, त्यामुळे भांडणाचे कारण नाही. हे उत्तर मी व्याख्यानांतून दिले आहे आणि त्याला टाळ्याही मिळाल्या आहेत. आज ते मी मागे घेते. गर्भवतीने ग्रहणात भाजी चिरली तर मुलाचा ओठ फाटतो, हे विधान जीवनाच्या अर्थाविषयी नाही, ते ओठाविषयी आहे. ते खरे किंवा खोटे असू शकते, आणि ते खोटे आहे. धर्माच्या नावाने जगाविषयी काही सांगितले गेले, की ते हिशेबाला उभे राहिलेच पाहिजे. घर वेगळे आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही.

शिवाय आपल्याकडे ही घरे कधी वेगळी नव्हतीच. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास धर्मसिंधु हा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला. सूर्यग्रहणाचा वेध, म्हणजे ग्रहणाआधीचा न जेवण्याचा काळ, चार प्रहर आधीपासून आणि चंद्रग्रहणाचा तीन प्रहर आधीपासून पाळावा, असे त्यात आहे. पण जे ग्रहण आपल्या गावातून डोळ्यांना दिसणार नाही, ते पाळायचे नाही, हेही तेच शास्त्र सांगते. म्हणजे केव्हा स्नान करायचे हे धर्माला ज्योतिर्गणिताकडूनच विचारून घ्यावे लागते. घराघरात भिंतीवर टांगलेले दाते पंचांग याच सोलापुरातून निघते, आणि त्यातल्या स्पर्श, मध्य, मोक्षाच्या, म्हणजे ग्रहण लागण्याच्या, भरात येण्याच्या आणि सुटण्याच्या, वेळा सावलीच्या गणितातून येतात. पंचांगातली मिनिटे विज्ञानाची आणि त्या मिनिटांतला उपास धर्माचा, असे एकाच पानावर चाललेले असते. गॅलिलिओवर 1633 मध्ये झालेल्या खटल्याचा दाखला मला प्रत्येक चर्चेत कोणी तरी देतो. तो दाखला खरा आहे, पण आमच्या घरातले भांडण त्या जातीचे नव्हते.

आमच्या घरातले जे झाले, ते असे. 16 फेब्रुवारी 1980 या शनिवारी दुपारी सूर्यग्रहण होते. खग्रास पट्टा कारवार, हुबळी, रायचूर असा आमच्या दक्षिणेकडून गेला. सोलापुरात सूर्याचा बराच मोठा भाग झाकला गेला. मला सातवा महिना होता. मी नुकतीच एम.एस्सी. होऊन शिकवायला लागले होते, आणि आदल्या आठवड्यात वर्गात ग्रहणाविषयी बोलताना मी मुलांना सांगितले होते की मी स्वतः ते बघणार आहे. सासूबाईंनी दोनदा विनवले. मी ऐकले नाही. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि मी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, सूर्याकडे पाठ करून, भोक पाडलेला पुठ्ठा आणि पांढरा कागद धरून उभी होते. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, एवढी एकच काळजी त्या दिवशी खरोखर आवश्यक होती, आणि ती मी घेतली होती.

ग्रहण भरात असताना मी पाणी प्यायला खाली आले. देवघराचे दार लोटलेले होते. छतातल्या झरोक्यावर सासूबाईंनी पत्रा झाकला होता, म्हणजे ग्रहणाचा उजेड आत येऊ नये. त्या पत्र्याला जुने खिळ्याचे भोक होते. त्यातून तिरपा आलेला कवडसा समोरच्या भिंतीवर पडला होता, साधारण रुपयाएवढा, पण गोल नव्हे. बारीक झालेल्या सूर्याची लखलखीत कोर भिंतीवर होती. सासूबाई तिच्या खाली बसून डोळे मिटून माळ ओढत होत्या. मी वर पुठ्ठा घेऊन जे बघायची खटपट करत होते, ते त्यांच्या डोक्यामागे माझ्यापेक्षा चांगले उमटले होते, आणि ते त्यांना माहीत नव्हते. मी हाक मारणार होते. मारली नाही. मनात आले ते एवढेच, की हे मुलांना सोमवारी सांगण्यासारखे आहे.

एप्रिलच्या शेवटी मुलगा झाला. वरचा ओठ डाव्या नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. दूध ओढता येईना, चमच्याने पाजावे लागे. बारशाला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी पाळण्यात वाकून पाहिले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, "ग्रहणानं खाल्लं गं पोराला." मला आजही त्या वाक्याचा राग येतो. मी उठले, पंचांग आणले, आणि सर्वांसमोर आठवडे मोजून दाखवले. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान जुळून येतो. माझ्या बाबतीत ते आठवडे दसऱ्याच्या आधीच संपले होते. ग्रहण त्यानंतर साडेचार महिन्यांनी लागले. तोपर्यंत ओठाचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. बाई गप्प बसल्या. मला जिंकल्यासारखे वाटले, हे कबूल करते.

रात्री सासूबाई माझ्या खाटेशी येऊन बसल्या. त्या मला दोष देतील म्हणून मी मनाशी उत्तरे जुळवत होते. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुझ्या नावानं जप धरला होता. मधे एकदा उठले, मांजर आलं होतं म्हणून. मला वाटत होतं, तेवढ्यातच झालं." अडीच महिने त्या हे मनात घेऊन वावरल्या होत्या. मी घाईने म्हटले, "आई, मी सकाळी मोजून दाखवलं ना? दसऱ्याआधीच झालेलं होतं ते. तुमचा काही संबंध नाही." त्यांनी बराच वेळ विचार केला. मग विचारले, "मग दसऱ्याआधी आपण काय केलं होतं?"

या प्रश्नाला मला तेव्हा उत्तर आले नाही. कारणे मला माहीत होती, म्हणजे पुस्तकात आहेत तेवढी: काही अनुवंशिक, काही परिस्थितीची, बहुधा अनेक एकत्र, एका विशिष्ट मुलाच्या बाबतीत नेमके कोणते, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही, साधारण सातशे जन्मांमागे एक मूल असे जन्मते. हे सर्व मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "सातशे," आणि उठून गेल्या. माझ्या गणिताने त्यांना निर्दोष सोडवले नव्हते, फक्त अपराधाची तारीख मागे नेली होती. त्या रात्री त्यांच्यासारखीच मीही दसऱ्याआधीचे दिवस उलटे मोजत पडले. गौरीच्या दिवसांत मला ताप आला होता आणि मी विचारपूस न करता गोळ्या घेतल्या होत्या. त्या गोळ्यांनी काही झाले असा कोणताही पुरावा माझ्याकडे तेव्हा नव्हता, आज नाही. तरी पहाटेच्या सुमारास काही मिनिटे मला मनापासून वाटले की ग्रहणानेच झाले असते तर बरे होते. ग्रहणाचा दोष एकदा लागतो आणि सुटतो. त्याला स्नान आहे, दान आहे. सातशेतल्या एकाला काय आहे?

तुमच्यापैकी ज्यांना वाटते की मी इथेच धर्माकडे वळले, त्यांना सांगते की तसे झाले नाही. मुलगा तीन महिन्यांचा झाल्यावर शस्त्रक्रियेने ओठ शिवला, तो टाके घालणाऱ्या हातांनी आणि भूल देण्याच्या शास्त्राने. ग्रहणाचा शाप मानणाऱ्या किती घरांनी अशी मुले वर्षानुवर्षे दाखवलीच नाहीत, याचा विचार केला की माझा बारशातला राग मला आजही योग्य वाटतो. फक्त तो राग आणि त्या रात्रीचे माझे उत्तर, या दोन गोष्टी मी एकच समजत होते.

वर्गात मी पूर्वी ब्रह्मगुप्त या जुन्या ज्योतिर्गणितज्ञाची गोष्ट मोठ्या त्वेषाने सांगत असे. आर्यभटाने 499 मध्ये ग्रहणे पृथ्वीच्या आणि चंद्राच्या सावल्यांनी होतात असे लिहिले. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये गणित सावल्यांचेच केले, आणि तरी राहू नाकारल्याबद्दल आर्यभटाला दोष दिला. पुढे अकराव्या शतकात अल्-बिरूनी या विद्वानाने त्याबद्दल ब्रह्मगुप्ताला खडे बोल सुनावले. मी मुलांना सांगायची, हा भित्रेपणा आहे. मग भास्कराचार्यांनी 1150 मध्ये तोड काढली: शंभूच्या वराने राहू पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि चंद्राला झाकतो, म्हणजे गणितही राहिले आणि आगमही, म्हणजे शास्त्रवचनेही. यात्रेतले सिद्धेश्वर, म्हणजे सिद्धरामेश्वर, ज्या शतकात इथे सोन्नलगीत, म्हणजे जुन्या सोलापुरात, तळे खोदवत होते आणि अडुसष्ट लिंगे स्थापत होते, त्याच शतकातली ही गोष्ट. हा निव्वळ पळवाटेचा श्लोक आहे, असे मी म्हणत असे. आता मला तितकी खात्री वाटत नाही. सावलीत राहूची गरज नाही, हे भास्कराचार्यांना माझ्यापेक्षा कमी कळत नव्हते. पण ज्यांच्यासाठी ते लिहीत होते, त्यांच्या देवघरात कोणी तरी माळ घेऊन बसलेले असणार. तरीही तो श्लोक खरा होत नाही. मी दोन्ही म्हणते आहे, आणि दोन्ही जुळत नाहीत हे मला दिसते.

26 डिसेंबर 2019 चे ग्रहण सकाळी आठच्या सुमारास लागले. सून गरोदर होती. मुलाचा आदल्या रात्री फोन आला, "आई, तिला घरात बसवू का?" मी सांगितले, काही गरज नाही, नेहमीसारखा चहा-नाष्टा करा, फक्त सूर्याकडे थेट बघू नका. हे मी जबाबदारीने सांगितले आणि पुन्हा विचारले तर हेच सांगेन. पण सकाळी मी स्वतः चहा घेतला नाही. ग्रहण सुटेपर्यंत, अकरापर्यंत, देवघरासमोर बसून होते. जप केला नाही, कारण काय मागायचे ते मला ठरवता येईना. काकूंनी खिडकीतून पाहिले असणार. म्हणून हल्ली त्या जास्त विचारतात.

यात्रेत मी का येते, याचे उत्तर लहान आहे. सासूबाई अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाला नंदीध्वजांसोबत दरवर्षी अनवाणी चालत. त्या गेल्यावर मी चालू लागले. मी कोणत्या सिद्धान्ताने चालते, असे कोणी विचारले तर सांगता येत नाही. आणि माझ्या चालण्याचा उपयोग कोणी ग्रहणाच्या बाजूने पुरावा म्हणून करू नये, अशी विनंती आहे.

2 ऑगस्ट 2027 च्या दुपारी सोलापुरातून पुन्हा खंडग्रास ग्रहण दिसायचे आहे, ढग नसले तर. नात तेव्हा सात वर्षांची असेल. मी तिला पत्र्याचे भोक आणि भिंतीवरची कोर दाखवणार आहे. बाबांच्या ओठावरची रेघ कशाची, हे तिने अजून विचारलेले नाही. विचारले, तर डॉक्टरांनी शिवले, इथपर्यंत मला सांगता येईल.